फ्यूज सारखा उडतोय?
गाडीचा फ्यूज उडतो तेव्हा तो आपलं काम चोख करत असतो. दोष पुढे कुठेतरी असतो. म्हणून 10 अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी 20 चा पिवळा किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नका. मग फ्यूज वाचतो आणि वायर जळते. स्विच दाबताच उडाला तर बहुधा शॉर्ट. काही वेळाने उडाला तर जड फिरणाऱ्या मोटरवर संशय घ्या. शॉर्ट शोधायची ऑटो इलेक्ट्रिशियनची युक्ती मला फार आवडते: फ्यूजच्या जागी 12 व्होल्टचा, 21 वॅटचा बल्ब जोडायचा. तो लख्ख पेटला की वायरिंग हलवत जायचं, आधी डिकीच्या बिजागरीपाशी, कारण उघडझाप होऊन वायरचं आवरण तिथेच सोलवटतं. जिथे हात लावताच बल्ब मंदावला, तिथे उघडं तांबं पत्र्याला टेकत होतं.