साथीचा नकाशा आणि मांडव्याची बोट

साथीचा रोग किती वेगाने पसरेल, हे गणिताने सांगता येईल काय? या प्रश्नाच्या उत्तराशी मुंबईचा फार जुना संबंध आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे अनेक वर्षे तेथे ठाण मांडून बसला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला किती माणसे दगावली, याच्या नोंदी दप्तरात राहिल्या. कर्मॅक व मॅकेंड्रिक या स्कॉटिश संशोधकांनी १९२७ साली आपले समीकरण पडताळून पाहिले ते याच आकड्यांवर.

रोग होऊ शकणारे, रोगी आणि बरे झालेले वा मृत, असे समाजाचे तीन भाग ते समीकरण कल्पिते. अवघे बेट मात्र त्यात एकच मानलेले होते. आयबीएमच्या संशोधकांनी सुरू केलेली आणि पुढे एक्लिप्स प्रतिष्ठानाने सर्वांस खुली ठेवलेली ‘स्टेम’ ही संगणक-आज्ञावली येथून पुढचे पाऊल टाकते. ती प्रदेशाचे विभाग पाडते, प्रत्येक विभागात हेच गणित चालविते आणि शेजार, रस्ते व विमानमार्ग यांनी ते विभाग एकमेकांस जोडते.

परंतु रायगडचा किनारा अशा ठोकळ नकाशात कसा मावणार? रस्त्याने अलिबाग मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटर. मांडव्याला बोटीने तासाभरात पोहोचता येते. आगरदांडा आणि दिघी यांमध्ये राजपुरीची खाडी आहे. पण तेथेही बोट चालते. शिवाय गेटवेहून सुटणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि गणपतीला चाकरमान्यांची रीघ लागते. हे ज्याला ठाऊक, त्यालाच नकाशा दुरुस्त करता येईल. आज्ञावली खुली असण्याचे मोल येथे आहे.

२०२० साली गणेशोत्सवासाठी कोकणात येणाऱ्यांवर दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट घालण्यात आली. दहाच दिवस का, चौदा का नव्हेत, यावर गावोगाव वाद झडले. ज्या निर्णयाने माणूस स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबतो, त्यामागचे गणित त्याला तपासता यावयास नको काय?

अर्थात, आज्ञावली फुकट मिळाली तरी आकडे फुकट मिळत नाहीत. गावनिहाय रोगनोंदी वेळेवर आणि प्रामाणिकपणे ठेवल्या गेल्या नाहीत, तर संगणक चुकीचेच भाकीत अधिक झोकात मांडील. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आरोग्य खात्याच्या साह्याने हे काम साथ नसतानाच हाती घ्यावयास हवे. १९२७ चे समीकरण परदेशी होते. त्याला आधार मिळाला तो मुंबईतील नोंदींचा.