सापेरावीची पारख

जॉर्जियाच्या पूर्व भागात, कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला, अलाझानी नदीच्या खोऱ्यात काखेती हा प्रदेश आहे. देशातील बहुतेक द्राक्षबागा इथेच आहेत. जॉर्जियात वाइन बनवण्याची परंपरा फार जुनी. तिबिलिसीच्या दक्षिणेला उत्खननात मिळालेल्या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या खापरांवर द्राक्षवाइनचे अंश आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही सोव्हिएत काळात काखेतीचा माल मुख्यतः रशियाकडेच जात असल्याने बाहेरच्या जगाला त्याची फारशी ओळख नव्हती. २००६ मध्ये रशियाने ही आयात बंद केली आणि २०१३ पर्यंत ती सुरू झाली नाही. उत्पादकांना दुसरी गिऱ्हाइके शोधणे भाग पडले, आणि काखेतीच्या बाटल्या युरोप-अमेरिकेतील परीक्षकांपुढे अधिक येऊ लागल्या.

यातील लाल वाइनचे प्रमुख द्राक्ष म्हणजे सापेरावी. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ रंगहीन असतो आणि वाइनला रंग येतो तो सालीतून. सापेरावीचा मात्र गरही लाल असतो. त्यामुळे वाइन शाईसारखी गडद होते. जोडीला आंबटपणा भरपूर आणि तुरटपणाही ठसठशीत.

एकाच द्राक्षाच्या या वाइन एका मापाने मोजता येत नाहीत. मुकुझानी ही कोरडी आणि ओकच्या पिंपात मुरवलेली. क्वारेली भागातील किंद्झमारौली निमगोड. तिच्यात द्राक्षाचीच काही साखर न आंबता राहते. क्वेव्री म्हणजे आतून मेण लावून जमिनीत पुरलेला मातीचा रांजण. त्यात रस सालींसह आंबतो आणि वाइनला वेगळाच खडबडीत पोत येतो. या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हे तिन्ही प्रकार एका रांगेत ठेवून गुण देणे अन्यायाचे ठरते. जाणकार आयोजक आधी प्रकार वेगळे करतात आणि मग बाटल्या झाकून चव घेतात.

तपासणी नजरेपासून सुरू होते. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेचा रंग दिसतो: जांभळी झाक कोवळ्या वाइनची, विटकरी झाक मुरलेल्या वाइनची. मात्र सापेरावीत रंगाचा भर इतका की वय ओळखताना फसगत होऊ शकते. नंतर पेला गोल फिरवून वास घेतात. काळी चेरी, आलुबुखार, ज्येष्ठमध, मिरी हे तिचे नेहमीचे गंध. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचातला दोष, आणि व्हिनेगरचा झोंबरा वास आला तर आंबवताना किंवा साठवताना झालेली हेळसांड.

खरा निवाडा जिभेवर होतो. आंबटपणाने लाळ सुटते. तुरटपणाचे काम उलटे: टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखे तोंड कोरडे पडते. चांगल्या सापेरावीत फळाची चव या दोघांना पुरून उरते आणि घोट गेल्यावरही बराच वेळ टिकते. तुरटपणा घोटागणिक साठत जातो, ही मात्र मोठी अडचण. आठव्या-दहाव्या पेल्याला तोंड इतके आवळलेले असते की पुढची वाइन उगाच कडक वाटते. म्हणून घोट थुंकून टाकतात, मध्ये पाणी पितात, साधा पाव खातात.

गुण देण्याच्या पद्धती अनेक आहेत. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात २० गुणांचा तक्ता तयार झाला. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने १०० गुणांची पद्धत लोकप्रिय केली, तीही ५० पासून सुरू होणारी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या एका तक्त्यात दिसण्याला १५, गंधाला ३०, चवीला ४४ आणि एकूण मेळाला ११ गुण असतात.

आकडा नेमका दिसला तरी माणूस तितका नेमका नसतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील प्रयोगात चव न आणणारा लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा वाइनचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीही तिच्या गंधाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. संशोधक रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील स्पर्धेत एकाच बाटलीतले तीन नमुने परीक्षकांपुढे नकळत ठेवले. तिन्हींना एकाच पदकाच्या टप्प्यातले गुण देणारे परीक्षक जेमतेम दहापैकी एक निघाले. इतक्या गडद सापेरावीला नुसत्या रंगावरून झुकते माप मिळण्याचा धोका अधिक, म्हणून काही ठिकाणी काळ्या काचेचे पेले वापरतात. दोन-तीन गुणांच्या फरकावरून बाटली निवडण्यात फारसे तथ्य नाही; सोबतचे वर्णन अधिक उपयोगी असते.

त्या वर्णनात वयाचाही उल्लेख हवा. कोरडी सापेरावी पहिल्या एक-दोन वर्षांत अनेकदा कर्कश लागते, तर चांगल्या सालाची वाइन दहा वर्षांनंतरही सुधारत असते. निमगोड किंद्झमारौली मात्र ताजी असतानाच, थोडी थंड करून प्यायची. ती ठेवून देण्यात लाभ नसतो.