परसबागेतील परागीभवन

आपल्या पुसेगाव परिसरात अनेक घरांच्या मांडवावर दुधी, दोडका किंवा भोपळ्याचा वेल असतो. फुले भरपूर येतात; परंतु बोटाएवढे फळ पिवळे पडून गळून जाते. कीड लागली असे समजून आपण फवारणी करतो. वास्तविक अनेकदा मादीफुलापर्यंत पराग पोहोचलेलेच नसतात. या वेलींची नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असतात व त्यांच्यामधील ने-आण कीटक करतात. फवारणीत नेमके तेच मरतात.

हे कीटक नसतील तर काय घडते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. मेक्सिकोतील व्हॅनिलाचा वेल फ्रेंचांनी हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नेला. तेथे तो फुलला, पण शेंगा धरेना. त्याच्या मायदेशातील कीटक त्या बेटावर नव्हते. १८४१ मध्ये एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलला आणि पराग अंगठ्याने कुक्षीवर टेकवले. शेंग धरली. या युक्तीवर मळेवाले धनवान झाले. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने श्रेयावर हक्कही सांगितला. १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर एडमंडला आल्बियस हे आडनाव मिळाले. १८८० मध्ये तो दारिद्र्यातच मरण पावला. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

दुधीलाही हा उपाय चालतो. त्याची फुले सायंकाळी उमलतात. बारीक देठाचे नरफूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि मागे इवलासा दुधी असलेल्या मादीफुलाच्या कुक्षीवर ते हलकेच फिरवावे. लाल भोपळ्यासाठी हेच काम भल्या पहाटे करावे लागते. दोन-चार फुलांपुरते हे ठीक. रोज कोण करणार?

वांगी-टोमॅटोची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते झडतात. मधमाशीला ही कला साधत नाही. हाच भुंगा तुरीच्या फुलांवरही दिसतो. तो वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत घर करतो. जुना वासा सरपणात घालण्यापूर्वी एवढे पाहावे.

पूर्वी मराठवाड्याच्या शेतांत तीळ, कारळ, जवस, करडई अशी फुले एकामागून एक येत. आता सोयाबीनने बरीच जागा व्यापली आहे. म्हणून अंगणाचे महत्त्व वाढले आहे. वर्षभर काहीतरी फुललेले असावे: शेवगा, तुळस, सूर्यफूल, एकेरी पाकळ्यांचा झेंडू, कडेला ओळभर तीळ. भरगच्च पाकळ्यांची शोभेची फुले कीटकांच्या फारशी उपयोगाची नसतात. लिंबू आणि कढीपत्त्यावर फुलपाखरे अंडी घालतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते व थोडी पाने खाते. झाड मोठे असेल तर तिला खाऊ द्यावे.

सारे अंगण सिमेंटने झाकू नये. एकट्या राहणाऱ्या अनेक माश्या उघड्या मातीत बिळे करतात. उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवून त्यात खडे टाकावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. फवारणी टाळणे अशक्यच असेल, तर उमललेली फुले सोडून, माश्या परतल्यावर, निंबोळी अर्क वापरावा. दुधी मात्र त्याच वेळी उमलत असतो, त्याला त्यातून वगळावे.