शीघ्र नमुनाग्रहणाची युक्ती

उच्चाराच्या ध्वनिलेखासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आम्हां भाषाभ्यासकांना पुरेसे होतात. उच्च प्रतीचा ऑसिलोस्कोप तेवढ्याच अवधीत अब्जावधी नमुने टिपतो. एवढा शीघ्र परिवर्तक त्यात बसविलेला असतो, हा समज मात्र चुकीचा होय. २००३ साली अ‍ॅजिलेंटच्या संशोधकांनी वर्णिलेल्या चिपमध्ये ८० परिवर्तक होते. प्रत्येकाचा वेग सेकंदाला केवळ २५ कोटी नमुने. प्रत्येकाने आपल्या आधीच्याहून ५० पिकोसेकंद उशिरा नमुना घ्यावयाचा, मग पुढील नमुन्यापर्यंत त्याला ४ नॅनोसेकंदांची सवड, अशी पाळी लावल्यामुळे एकूण वेग २० अब्जांवर गेला.

खरी अडचण पाळी लावण्यात नसून ती अचूक राखण्यात आहे. सेकंदाला सहा अब्ज आवर्तने असणाऱ्या तरंगात एका पिकोसेकंदाच्या चुकीने शिखरमूल्याच्या जवळजवळ चार टक्क्यांपर्यंत फरक पडतो. म्हणून प्रत्येक परिवर्तकाची वेळ व वर्धन स्वतंत्रपणे जुळवावे लागते.

तरंग पुनःपुन्हा तसाच येत असेल, तर प्रत्येक फेरीत किंचित पुढचा एकेक नमुना घेऊन चित्र पुरे करण्याची जुनी, स्वस्त रीतही आहे. परंतु एकदाच घडणाऱ्या घटनेस (आणि कोणता उच्चार दुसऱ्यांदा हुबेहूब तसाच होतो?) ती निरुपयोगी ठरते, तेथे अनेक परिवर्तकांची पाळीच लावावी लागते.