लांब लेन्ससाठी कॅमेरा-बॅग

वन्यजीव छायाचित्रणासाठी बॅग निवडताना तिच्यात किती लेन्स मावतात हा प्रश्न दुय्यम असतो. सर्वांत लांब लेन्स बॉडीला जोडलेल्या अवस्थेत आत राहते का, आणि जिथे ती बाहेर काढायची तिथे बॅग नीट उघडता येते का, हे आधी पाहावे लागते. बांबूच्या बेटातून निघालेला वाघ रस्ता ओलांडून काही सेकंदांत पलीकडच्या झाडीत शिरतो. तेवढ्या वेळात लेन्स जोडणे होत नाही. शिवाय जंगलातल्या धुळीत बॉडीचे तोंड उघडे केले की धूळ थेट सेन्सरवर बसते. कॅमेरा आणि लेन्स एकत्रच ठेवायचे आणि एकत्रच उचलायचे, हे एकदा ठरले की बॅगेविषयीचे बाकीचे निर्णय त्यातून निघतात.

पहिले काम मोजमापाचे. सोनीची 200-600 मिमी लेन्स सुमारे 31.8 सेंमी लांब आणि 2.1 किलो वजनाची आहे. झूम केल्यावर ती लांब होत नाही, म्हणून तिचे माप सदैव तेच राहते. सिग्माची 150-600 मिमी ‘कंटेम्पररी’ मिटलेली असताना 26 सेंमी भरते, पण झूम केल्यावर तिची नळी पुढे येते. अशी लेन्स बॅगेत ठेवण्यापूर्वी झूमचे लॉक लावावे लागते, नाहीतर धक्क्यांनी नळी हळूहळू बाहेर सरकते. 600 मिमी एफ/4 या मोठ्या प्राइम लेन्सचा हिशेब निराळा आहे. सोनीची अशी लेन्स 44.9 सेंमी लांब व 3.04 किलो वजनाची आहे, तर कॅननची आरएफ माउंटची 47.2 सेंमी व 3.09 किलोची आहे. त्यात बॉडीचे सहा ते आठ सेंमी मिळवले की बॅगेची आतली लांबी 53 ते 55 सेंमी लागते. टेलिकन्व्हर्टर कायम जोडलेला राहणार असेल तर त्याचीही लांबी धरावी.

जाहिरातीत ठळक छापतात ती लांबी. फसगत बहुतेक वेळा खोलीच्या मापात होते. 200-600 मिमी लेन्सचा व्यास 11 सेंमीच्या आसपास आहे, 600 मिमी एफ/4 चा 16 ते 17 सेंमी. हुड उलटा बसवला की त्यात आणखी भर पडते, आणि कॉलरचा पाय एका बाजूला बाहेर आलेला असतोच. रोजच्या वापराच्या बऱ्याच सॅक आतून पंधरा सेंमीसुद्धा खोल नसतात. त्यांत मोठी लेन्स दाबून बसवली की चेन ताणली जाते आणि समोरच्या काचेवर ठेवलेले फोमचे संरक्षण नावापुरते उरते. म्हणून बॉडी, लेन्स, उलटा हुड आणि कॉलर यांसह पूर्ण संच टेबलावर आडवा ठेवून लांबी, रुंदी व उंची मोजावी, आणि हे आकडे बॅगेच्या आतल्या मापांशी ताडून पाहावेत. बाहेरच्या मापांतून फोमची जाडी वजा झालेली नसते.

नागपूरला विमानाने उतरून ताडोबा किंवा पेंचला जाणाऱ्यांना वजनाचाही हिशेब करावा लागतो. देशांतर्गत उड्डाणांत हातातल्या सामानाची मर्यादा साधारण 7 किलो आणि आकाराची 55 × 35 × 25 सेंमी असते. 600 मिमी एफ/4 ची लेन्स 3 किलोची, दोन बॉडी मिळून दीड किलो, आणि भक्कम बांधणीची रिकामी बॅग अडीच किलोची धरली तर बॅटऱ्या ठेवण्याआधीच 7 किलो भरतात. शिवाय 55 सेंमीच्या बाहेरच्या मापात एवढी लेन्स बॉडीसह बसत नाही. प्रवासापुरती ती सुटी करावी लागते आणि मुक्कामी पोहोचल्यावर बंद खोलीत पुन्हा जोडावी लागते. 200-600 मिमीच्या वर्गातली लेन्स, दोन बॉडी आणि दोन किलोची बॅग मात्र साडेपाच-पावणेसहा किलोंत बसते. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी केबिनच्या बॅगेतच वेगळा कप्पा हवा. बीनबॅग रिकामी नेऊन मुक्कामी तांदूळ किंवा डाळ भरून घेतली की दोन-तीन किलोंचा भार वाचतो.

बॅग कुठल्या बाजूने उघडते, यावर तिची खरी उपयुक्तता ठरते. ताडोबातल्या उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, गाइड आणि चालक असतात. गाडीतून खाली उतरायला परवानगी नसते, आणि दोन आसनांमधली जागा जेमतेम गुडघे मावतील एवढी असते. पूर्ण पाखा उलटून उघडणारी सॅक तिथे आडवी पसरता येत नाही. वरून उघडणारी उभी, नळीसारखी लेन्स-बॅग दोन पायांमध्ये उभी राहते आणि एका हाताने चेन ओढून दुसऱ्या हाताने लेन्स कॉलरला धरून सरळ वर घेता येते. मधून चेन असलेली आणि दोन पंखांसारखी उघडणारी बॅगही सोयीची पडते, कारण एकच पंख उघडून कॅमेरा काढता येतो आणि उरलेले सामान धुळीपासून झाकलेले राहते. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक रेल्वेच्या गर्दीत सुरक्षित असते आणि जमिनीवर ठेवल्यावर पाठीला टेकणारी बाजू मातीत लोळत नाही. जिप्सीत मात्र ती उघडण्यासाठी मांडीवर आडवी घ्यावी लागते.

भिगवणला उजनी जलाशयात रोहित पाहायला जाताना गरज बदलते. होडी बुटक्या कडांची असते आणि तळाशी थोडे पाणी साचलेले असते. तिथे कडक, न भिजणाऱ्या तळाची बॅग फळीवर ठेवावी लागते. भीमाशंकरच्या जंगलात शेकरूच्या मागे पायी फिरायचे असेल तर रुंद कमरपट्टा आणि छातीवरचा आडवा पट्टा नसलेली सॅक तासाभरात खांदे मोडते. भार खांद्यांवरून कमरेवर उतरायचा तर कमरपट्टा नितंबाच्या हाडावर बसायला हवा, आणि सर्वांत जड लेन्स पाठीला लगटून हवी. ती बाहेरच्या बाजूला राहिली तर शरीर मागे ओढले जाते आणि उतारावर तोल सुटतो. चाकांच्या बॅगा विमानतळावर उत्तम चालतात. मुरमाच्या वाटेवर त्या हातात उचलूनच न्याव्या लागतात.

आतली मांडणी करताना मुख्य लेन्स मधल्या उभ्या कप्प्यात, बॉडी वरच्या म्हणजे उघडणाऱ्या टोकाला आणि समोरची काच तळाकडे ठेवतात. तळाचा फोम जाड हवा, कारण बॅग खाली ठेवताना बसणारा धक्का तोच झेलतो. लेन्सचे पूर्ण वजन बॉडीच्या माउंटवर येऊ नये म्हणून कॉलरच्या अलीकडे-पलीकडे दोन डिव्हायडर लावून लेन्स तिथे तोलून धरतात. कॉलरचा पाय बॅगेच्या भिंतीला टोचत असेल तर कॉलर थोडी फिरवून तो रिकाम्या कोपऱ्याकडे वळवतात. दोन्ही बाजूंच्या अरुंद कप्प्यांत दुसरी बॉडी, टेलिकन्व्हर्टर आणि 70-200 मिमीसारखी लहान लेन्स राहते. अस्तर फिकट रंगाचे असेल तर पहाटेच्या अंधुक उजेडात काळी मेमरी-कार्डे आणि बॅटऱ्या पटकन दिसतात. वारंवार उघडायचे कप्पे वेल्क्रोचे नसावेत. लपणात बसलेल्या माणसाने वेल्क्रो ओढला की त्या चर्रकन आवाजाने पाणवठ्यावरचे पक्षी उडतात. चेनच्या धातूच्या मुठी एकमेकींवर वाजतात, म्हणून त्यांच्या जागी दोरीचे फास बांधतात.

विदर्भातल्या उन्हाळ्यात धूळ आणि उष्णता हे दोन्ही त्रास एकदम येतात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेली काळी बॅग आतून लवकर तापते. खाकी किंवा राखाडी कापड यासाठी बरे. पुढच्या जिप्सीने उडवलेली बारीक माती चेनच्या दातांत बसते. प्रत्येक फेरीनंतर कोरड्या ब्रशने ती झाडली तर चेन अडकत नाही. रेनकव्हर पावसाइतकेच धुळीसाठीही कामाला येते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत बाहेर पडताना बॅग काही वेळ बंदच ठेवावी. आतले सामान सावकाश बाहेरच्या तापमानाला येते आणि काचेवर बाष्प धरत नाही.

विकत घेण्यापूर्वी स्वतःचा पूर्ण संच दुकानात नेऊन बॅगेत भरून पाहावा. चेन न ताणता बंद होते का, वरच्या मुठीला धरून एका हाताने उचलल्यावर शिलाई ओढली जाते का, बॅग उभी ठेवल्यावर कलंडते का, आणि खुर्चीवर बसून, गुडघ्यांमधल्या जागेत ती उघडून कॅमेरा बाहेर काढता येतो का, हे तपासावे. भरलेली बॅग पाठीवर घेऊन दहा मिनिटे जिना चढ-उतार केला की पट्ट्यांचे गुणदोष कळतात. विमानप्रवास, जिप्सी आणि पायपीट ही तिन्ही कामे एका बॅगेकडून सारखीच चांगली होत नाहीत. ज्या कामात सर्वाधिक दिवस जातात त्यासाठी मुख्य बॅग घ्यावी. केबिनच्या सॅकमध्ये घडी करून नेता येईल अशी हलकी उभी लेन्स-बॅग सोबत असली की जिप्सीतलीही सोय होते.

ताडोबाचे गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते. त्या काळात बऱ्याच बॅगा भरलेल्याच कपाटात पडून राहतात, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते ती तिथेच. फोम आणि कापड ओलावा धरून ठेवतात, म्हणून बॅग ही लेन्स साठवण्याची जागा नव्हे. पावसाळ्यात लेन्स 40 ते 50 टक्के आर्द्रता राखणाऱ्या ड्राय कॅबिनेटमध्ये, किंवा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात. बॅग रिकामी करून, डिव्हायडर काढून, मऊ ब्रशने झाडून सावलीत वाळवावी. पुढच्या हंगामात सामान भरण्यापूर्वी चेन, शिलाई आणि पट्ट्यांची बकले तपासून घ्यावीत.