काजव्याचा उजेड किती?

मृगाच्या सुमारास साताऱ्याच्या कोयना खोऱ्यात किंवा सांगलीच्या चांदोली परिसरात काजवे लुकलुकताना दिसतात. इतका मंद उजेड कसा मोजावा?

डोळा प्रकाश मोजू शकत नाही. पण दोन उजेड सारखे आहेत का, हे तो अचूक ओळखतो. एकोणिसाव्या शतकात बुन्सेनने याचाच उपयोग केला. करून पाहा. पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब लावून तो उभा धरा. एका बाजूस अंधारात चमकणारी नखाएवढी चकती १० सेंटिमीटरवर ठेवा. दुसऱ्या बाजूस काळ्या कागदाच्या टाचणीएवढ्या छिद्राआड छोटा दिवा ठेवून मागेपुढे सरकवा. डाग दिसेनासा झाला, की दोन्हीकडचा प्रकाश सारखा. समजा, तेव्हा दिवा ४० सेंटिमीटरवर आहे. अंतर चौपट, म्हणजे दिवा १६ पट प्रखर!

मात्र आधी अर्धा तास अंधारात बसा. दिवाही चकतीसारखा हिरवाच हवा. उदबत्तीचे टोक चालणार नाही; अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तांबडा प्रकाश फारच फिका भासतो आणि उत्तर चुकते.

काजवा क्षणभरच चमकतो, म्हणून त्याच्यासाठी प्रकाशविद्युत उपकरण लागते. याच चमकेने काजवे जोडीदार शोधतात. रस्त्यावरच्या दिव्यांत ती बुडून जाते. जंगलाकाठी किती उजेड चालेल, हे मोजल्याशिवाय कसे ठरवणार?