पुण्यात लागणारा फोन आणि आपला गुडा

"फोन त पुण्याले लागते म्हंतेत. तेथल्या मानसाले आमचा गुडा कसा दिसन?" कोरपना तालुक्यातल्या आरोग्य बैठकांत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, म्हणून या अंकात त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात औंध येथे उभारला गेला. सुरुवातीला राज्यभरासाठी ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत अत्यवस्थ रुग्णासाठी लागणारी साधने होती, उरलेल्या ७०४ साध्या. गाडीत चालकाबरोबर डॉक्टरही असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रत्येक गाडीवर जीपीएस यंत्र असते. ते उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा काढते आणि मोबाइल नेटवर्कवरून कक्षाला कळवत राहते. गाडी गडचांदूरला मोकळी उभी आहे की रुग्ण घेऊन चंद्रपूरच्या वाटेला लागली आहे, हे कक्षातल्या नकाशावर दिसते. फोन घेणारा माहिती संगणकात टाकतो, जवळची मोकळी गाडी निवडतो आणि तिला निरोप देतो.

म्हणजे गाडी दिसते. आपण मात्र तसे दिसत नाही. साध्या फोनवरून बहुतेक वेळा एवढेच कळते की तो कोणत्या टॉवरवरून आला. शहरात टॉवर दाटीने असतात, तेव्हा त्यातल्या त्यात जवळचा अंदाज बांधता येतो. माणिकगड पहाडाच्या बाजूला एकेका टॉवरखाली कितीतरी गुडे येतात. तेथे या अंदाजाचा उपयोग थोडाच.

त्यात आपला तालुका तेलंगणाच्या सीमेवर. फोनने पलीकडचा टॉवर पकडला, तर १०८ तिकडच्या कक्षात लागू शकतो, कारण तेलंगणातही हाच क्रमांक आहे. समोरून तेलुगू ऐकू आली की घाबरून फोन ठेवू नका. "महाराष्ट्र, चंद्रपूर जिल्हा" एवढे स्पष्ट सांगा, आणि चार पावले उंचावर किंवा गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा लावा.

भाषेची अडचण मला यंत्राच्या अडचणीहून मोठी वाटते. घरात कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीला पुण्याच्या प्रश्नांची उत्तरे भराभर देता येत नाहीत. आणि प्रश्न तर विचारले जाणारच: रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, कळा किती वेळाने येतात, साप चावून किती वेळ झाला. यावरूनच कोणती गाडी पाठवायची ते ठरते. म्हणून मराठी नीट बोलणारा एक माणूस प्रत्येक गुड्यात आधीच ठरलेला असावा.

पत्ता सांगताना गुड्याच्या नावापासून सुरुवात करू नका. एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत सापडतात. आधी जिल्हा, मग तालुका, ग्रामपंचायत, जवळचे मोठे गाव, आणि शेवटी गुडा. डांबरी रस्ता कोठे संपतो, मधला नाला पावसाळ्यात गाडीला ओलांडता येतो का, हेही सांगा. नाल्याला पूर असेल तर गाडी अलीकडेच थांबेल आणि रुग्णाला खाटेवरून तेथवर आणावे लागेल. हे फोनवरच ठरले तर दोन्हीकडची माणसे एकाच वेळी निघतात. फोन केलेला मोबाइल चालू ठेवा, कारण गाडीतून त्याच क्रमांकावर फोन येतो.

आपल्या कंपनीची रेंजच नसेल तर ११२ लावून पाहा. जवळपास दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर असला, तर फोन त्यावरून हा क्रमांक लावू शकतो. कोणाचीच रेंज नसेल, तर मात्र मोटारसायकलवाल्याला रेंजच्या जागेपर्यंत पाठवण्यावाचून इलाज नाही. ती जागा कोणती, कोणत्या झाडाखाली की टेकाडावर, हे गावातल्या पोरांना बरोबर ठाऊक असते. अंगणवाडीच्या भिंतीवर पत्त्याखाली तीही लिहून ठेवा.